शीघ्र नमुनानिर्मिती

शीघ्र नमुनानिर्मिती : संगणकावर तयार केलेल्या त्रिमितीय आराखड्यावरून, साचा किंवा खास हत्यारे न बनवता, थरावर थर रचून वस्तूचा प्रत्यक्ष नमुना घडविण्याच्या तंत्रांचा समूह. कारखान्यांत ‘आरपी’ किंवा ‘रॅपिड प्रोटोटायपिंग’ आणि सर्वसामान्य बोलण्यात ‘थ्रीडी प्रिंटिंग’ ही नावे रूढ आहेत. थर रचण्याच्या तंत्रांनी आता तयार भागही बनतात. त्या व्यापक क्षेत्राला थरनिर्मिती म्हणावे आणि नमुन्यांपुरत्या उपयोगाला शीघ्र नमुनानिर्मिती, असा भेद या नोंदीत पाळला आहे. काही लेखक सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या) यंत्रावर ठोकळ्यातून कातून काढलेला नमुनाही यातच धरतात. येथे तो धरलेला नाही.

कातकामात व मिलिंगमध्ये (फिरत्या पात्याच्या कापणीत) माल काढून टाकून आकार मिळतो, थररचनेत माल भरत जाऊन. त्यामुळे आकाराची गुंतागुंत वाढली तरी श्रम त्या प्रमाणात वाढत नाहीत. लागणारा वेळ मुख्यतः वस्तूच्या उंचीवर आणि घनफळावर ठरतो. आतल्या बाजूच्या वळणदार नळ्या, जाळीदार पोकळ भाग असे जे आकार हत्याराच्या टोकाला पोहोचण्याजोगे नसतात, ते येथे एका खेपेत उतरतात.

उगम व अग्रक्रमाचा प्रश्न : थर रचून आकार साधण्याची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम यांनी 1860 च्या सुमारास ‘छायाशिल्प’ पद्धत वापरली. तीत व्यक्तीभोवती 24 कॅमेरे मांडून एकाच वेळी छायाचित्रे घेत आणि त्यांच्या बाह्यरेषांवरून पुतळा घडवीत. अमेरिकेत जोसेफ ब्लँथर यांना 1892 मध्ये उठावाचे नकाशे बनविण्याच्या पद्धतीवर एकस्व (पेटंट) मिळाले. समोच्च रेषांनुसार मेणाच्या चकत्या कापून त्या एकावर एक रचायच्या आणि त्या उठावावर कागदी नकाशा दाबून घ्यायचा, अशी ती पद्धत. आजच्या यंत्रांत आराखड्याचे आडवे छेद घेतात, त्यामागची भूमिती तीच आहे. ओटो मुंझ यांच्या एकस्वात (अर्ज 1951, मंजुरी 1956) प्रकाशसंवेदी द्रवाचे थर क्रमाने घट्ट करण्याचे वर्णन येते. विन केली स्वेन्सन यांच्या एकस्वात (अर्ज 1971, मंजुरी 1977) दोन किरणशलाका जेथे छेदतील तेथेच द्रव घट्ट व्हावा, अशी योजना होती. या सर्वांना पूर्वसूरी मानण्यास हरकत नाही. मात्र आजच्या यंत्रांपर्यंत त्यांच्यापासून सलग धागा दाखविता येत नाही.

खरा वाद 1980 ते 1984 या अवधीचा आहे. जपानमधील नागोया नगर औद्योगिक संशोधन संस्थेतील हिदेओ कोदामा यांनी 1980 मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि 1981 मध्ये आपले प्रयोग इंग्रजी नियतकालिकात मांडले. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारे द्रव बहुवारिक (पॉलिमर), प्रत्येक छेदापुरताच प्रकाश पाडणे आणि घट्ट झालेल्या थरावर द्रवाचा पुढचा थर घेणे, हे तिन्ही घटक त्यांच्या लेखनात एकत्र आहेत. मुखवट्यातून (छेदाच्या आकारापुरताच प्रकाश जाऊ देणाऱ्या पडद्यातून) प्रकाश टाकणे आणि प्रकाशतंतू आरेखकाने (प्लॉटरने) फिरवणे, या दोन्ही वाटा त्यांनी तपासल्या होत्या. अर्जावर पुढची कार्यवाही झाली नाही आणि एकस्व हाती आले नाही. त्याची कारणे निरनिराळी दिली जातात. सर्वाधिक सांगितले जाणारे कारण मुदत चुकल्याचे आहे. पण मुदतीचा जो तपशील त्यासोबत येतो तो जपानी एकस्व-प्रक्रियेशी नीट जुळत नाही, म्हणून ते जपून घ्यावे. जवळपास त्याच काळात अमेरिकेत 3एम कंपनीतील ॲलन हर्बर्ट यांनी तशाच पद्धतीने लहान वस्तू बनवून 1982 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

1984 मध्ये याच पद्धतीच्या एकस्वासाठी दोन अर्ज पाठोपाठ आले. फ्रान्समध्ये झाँ-क्लोद आंद्रे, आलँ ल मेओते आणि ऑलिव्हिए द वित यांचा अर्ज 16 जुलैचा, तर अमेरिकेत चार्ल्स (चक) हल यांचा 8 ऑगस्टचा. म्हणजे फ्रेंच अर्ज सुमारे तीन आठवडे आधीचा. व्यापारी भवितव्य दिसत नसल्याचे सांगून तो पुढे सोडून देण्यात आला. हल यांना 11 मार्च 1986 रोजी एकस्व मिळाले, त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली आणि दशक संपण्यापूर्वी तिची यंत्रे बाजारात आली. ‘स्टिरिओलिथोग्राफी’ हे पद्धतीचे नावही हल यांचेच.

श्रेय कोणाला द्यायचे हे कसोटीवर अवलंबून आहे. एकस्व प्रमाण मानणारे हल यांचे नाव घेतात, प्रथम प्रसिद्धी प्रमाण मानणारे कोदामांचे. 1995 चे ब्रिटनमधील रँक पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले, यावरून प्रकाशविद्येतील जाणकारांचा कलही लक्षात येतो. पद्धतीच्या शोधाचे श्रेय कोदामांकडे आणि आराखडा, छेद, यंत्र व रसायन यांची वापरता येईल अशी साखळी जुळविण्याचे श्रेय हल यांच्याकडे, ही विभागणी उपलब्ध पुराव्यांशी अधिक सुसंगत वाटते. साखळी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. केवळ द्रव घट्ट करणारे यंत्र अभियंत्याच्या उपयोगाचे नव्हते. त्याच्या आराखड्यातून यंत्राला समजतील असे छेद काढणारी मधली कडी हवी होती. ती 1987 च्या सुमारास एसटीएल या संचिका-स्वरूपाने पुरविली.

आराखड्यापासून थरापर्यंत : एसटीएलमध्ये वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळ्याने दाखवितात. द्विमान (बायनरी) स्वरूपात प्रत्येक त्रिकोणासाठी 12 संख्या (लंबदिशेच्या तीन आणि तीन शिरोबिंदूंच्या नऊ) व दोन बाइटचे एक जोडपद, असे एकूण 50 बाइट लागतात. रंग, पदार्थ आणि लांबीचे एकक यांची नोंद या स्वरूपात नसते. त्यामुळे इंचातला आराखडा मिलिमीटरमध्ये वाचला गेला तर नमुना 25.4 पटींनी लहान निघतो. जॉब घेणारे कारागीर म्हणूनच यंत्र चालू करण्याआधी एक तरी माप ग्राहकाकडून विचारून घेतात. जाळ्यात एखादे भोक राहिले किंवा त्रिकोण उलटा बसला, तर आत कोणते आणि बाहेर कोणते हे यंत्राला कळत नाही. अशी संचिका आधी दुरुस्त करून घ्यावी लागते.

छेदांच्या जाडीमुळे उतरत्या पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात. पायरीच्या कंगोऱ्याची उंची म्हणजे थराची जाडी गुणिले पृष्ठभागाची लंबदिशा व रचनेची दिशा यांमधील कोनाची कोज्या (कोसाइन). उभ्या भिंतीसाठी हा कोन 90 अंश असल्याने कंगोरा शून्य होतो. घुमटाच्या माथ्याजवळ तो सर्वाधिक भरतो. यावर उपाय दोन : सगळे थर पातळ करणे, ज्यात वेळ वाढतो, किंवा गरज असेल तेथेच पातळ थर घेणे. वस्तू कोणत्या बाजूवर उभी करायची हा निर्णयही येथेच होतो. त्यावर पृष्ठभागाबरोबर ताकद आणि लटकत्या भागांना खालून लागणारे आधार हेही अवलंबून असल्याने अनुभवी माणसाचा हात या टप्प्यावर ओळखू येतो.

प्रकाशबहुवारिक पद्धतीत (स्टिरिओलिथोग्राफीत) घट्ट होणाऱ्या थराची जाडी मिळालेल्या प्रकाशऊर्जेच्या लॉगरिथमप्रमाणे वाढते. ऊर्जा दुप्पट केली तरी जाडी दुप्पट होत नाही. द्रवाच्या भेदनखोलीच्या (प्रकाश द्रवात किती खोल शिरतो त्या मापाच्या) सुमारे 0.69 पट एवढीच भर पडते. किमान ऊर्जेखाली द्रव द्रवच राहतो. भेदनखोली आणि ही किमान ऊर्जा या दोन स्थिरांकांवरून प्रत्येक रेझिनची (अशा द्रवाची) ओळख ठरते. प्रारंभीची ॲक्रिलेट रेझिने घट्ट होताना बरीच आकसत आणि नमुना वाकडा होई; इपॉक्सी रेझिने आल्यावर हा दोष कमी झाला.

इतर पद्धती थोडक्यात अशा. टेक्सास विद्यापीठात (ऑस्टिन) कार्ल डेकार्ड व जो बीमन यांनी चूर्णाचा थर लेसरने सांधण्याची पद्धत विकसित केली (एकस्व 1989). तीत न सांधलेले चूर्णच आधाराचे काम करते. स्कॉट क्रंप यांनी वितळलेल्या प्लॅस्टिकची तार टोकातून सोडून थर रचले (एकस्व 1992). एमआयटीमध्ये एमॅन्युएल सॅक्स व सहकाऱ्यांनी चूर्णावर बंधकाचे थेंब फवारण्याची पद्धत काढली (एकस्व 1993). 2015 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने सर्व पद्धतींची सात गटांत विभागणी केली आहे.

मुंबईतील उपयोग : मुंबईत या तंत्राने सर्वांत खोल मूळ दागिन्यांच्या धंद्यात धरले. अंधेरीचे सीप्झ हे निर्यातक्षेत्र 1973 मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी स्थापन झाले आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे रत्ने व दागिन्यांच्या कारखान्यांना प्रवेश मिळाला. परदेशी गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आणि कमी मुदती यांमुळे संगणकावरचा आराखडा व यंत्रावरचा नमुना ही जोडी तेथे सोयीची ठरली. झवेरी बाजार, काळबादेवी या जुन्या पेठांतील कारागिरांपर्यंत ती पुढे सेवा देणाऱ्या दुकानांमार्फत पोहोचली. धंद्याच्या बोलीत आराखडा म्हणजे ‘कॅड’ आणि यंत्रावर उतरलेला तुकडा म्हणजे ‘कॅम’.

या व्यवसायात नमुना हा शेवटचा माल नसतो. पूर्वी कुशल कारागीर चांदीत मूळ तुकडा हाताने घडवी, त्यावरून रबरी साचा घेतला जाई, साच्यात मेण भरून अनेक प्रती निघत. त्या प्रती मेणाच्या खोडाला जोडून ‘झाड’ उभे करत, त्याभोवती प्लॅस्टर ओतत आणि भट्टीत मेण जाळून पोकळीत सोने भरत. शीघ्र नमुनानिर्मितीने या क्रमातला पहिला टप्पा बदलला, बाकीचे तसेच राहिले. एकच दागिना हवा असेल तर मेणाचा किंवा रेझिनचा तुकडा थेट झाडाला जोडतात; शेकडो हवे असतील तर त्यावरून एकदा धातूचा मूळ तुकडा ओतून पुढे रबरी साच्यानेच काम चालते. आकुंचनासाठी आराखडा थोडा मोठा ठेवावा लागतो आणि रबरी साचा मध्ये आला तर आणखी मोठा. रेझिन निवडताना जळल्यावर किती राख उरते ही पहिली कसोटी असते, कारण उरलेली राख सोन्याच्या पृष्ठभागावर खड्डे पाडते. मेण छापणाऱ्या यंत्रांत ही अडचण कमी येते. त्यांतील काही यंत्रे प्रत्येक थर घातल्यावर तो खरडून सपाट करतात. त्यामुळे वेग कमी, पण पृष्ठभाग अतिशय स्वच्छ मिळतो.

मेण जाळून ओतण्याची ही रीत आपल्याकडे प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (सु. 1131) मूर्ती ओतण्याची मधूच्छिष्ट (मेणाची) पद्धत वर्णिली आहे. सोन्याच्या मूर्तीसाठी मेणाच्या वजनाच्या सोळापट सोने घ्यावे, असे प्रमाण तीत आढळते. आजही झाडाचे वजन करून, मेणाची व धातूची घनता लक्षात घेऊन, लागणाऱ्या सोन्याचा अंदाज काढतात. 18 कॅरट सोन्यासाठी गुणक साधारणतः 15 ते 16 च्या आसपास येतो. बाराव्या शतकातील आकडा यांत्रिक नमुन्यांच्या काळातही इतका जवळ राहावा, याची दखल धातुकामाच्या इतिहासकारांनी अधिक घ्यायला हवी.

ओतकामाशी असलेला हाच संबंध पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) संशोधनातही दिसतो. प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या गटाने थर्माकोलचे जाड थर कापून ओतकामाचे पॅटर्न (साच्यासाठीचे मूळ आकार) बनविण्याची पद्धत विकसित केली. थर जाड ठेवूनही त्यांच्या कडा तिरक्या घेता आल्या तर पायऱ्यांचा दोष टाळता येतो, हे तिचे वैशिष्ट्य. पुढे याच गटाने सीएनसी यंत्रावर वेल्डिंगची मशाल बसवून संकरित पद्धत तयार केली. तीत वेल्डिंगने धातूचा थर द्यायचा, तो मिलिंगने सपाट करायचा, मग पुढचा थर, आणि शेवटी त्याच यंत्रावर अंतिम मापाचे कातकाम. चूर्ण व लेसर यांपेक्षा ही वाट स्वस्त पडते आणि डाय (धातूचे साचे) बनविणाऱ्या टूलरूमला परिचित असलेल्या यंत्रांवरच ती चालते. या प्रयत्नांना मिळायला हवी तेवढी प्रसिद्धी मराठी तांत्रिक लेखनात मिळालेली नाही.

वैद्यकीय उपयोगांसाठी त्याच संस्थेत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने 2014 मध्ये ‘बेटिक’ हे जैववैद्यकीय नवोपक्रम केंद्र सुरू झाले. उपकरणाचा नमुना डॉक्टरांच्या हाती लवकर देऊन त्यांच्या सूचनांनुसार तो पुन्हा पुन्हा सुधारणे ही तेथील कार्यपद्धती आहे. सीटी स्कॅनवरून जबड्याचे किंवा कवटीचे रुग्णाच्या मापाचे प्रतिरूप बनवून शस्त्रक्रियेआधी धातूची पट्टी त्यावर वाकवून घेणे, हाही उपयोग शल्यचिकित्सेत रुळला आहे.

क्रंप यांच्या मूळ एकस्वाची मुदत 2009 मध्ये संपली. त्याआधीच बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी 2005 मध्ये ‘रेपरॅप’ या खुल्या आराखड्याच्या यंत्राचे काम सुरू केले होते. या दोहोंमुळे प्लॅस्टिकच्या तारेवर चालणारी यंत्रे हौशी माणसाच्या आवाक्यात आली. मुंबईत त्यांचे सुटे भाग, म्हणजे मोटरी, नॉझल, कंट्रोलर बोर्ड, लॅमिंग्टन रोडवर मिळतात. येथील दमट हवेची एक अडचण पुस्तकांत क्वचितच येते. नायलॉनची तार ओलावा भराभर शोषते, पीएलएची (वनस्पतिजन्य प्लॅस्टिकची) त्या मानाने कमी. ओली तार गरम नॉझलमधून येताना आतल्या पाण्याची वाफ होते, तडतड आवाज येतो आणि थरांत बुडबुडे राहून नमुना ठिसूळ निघतो. जून ते सप्टेंबर या काळात तारेची रिळे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवणे आणि वापरण्यापूर्वी मंद आचेवर सुकवणे आवश्यक ठरते. पीएलएसाठी सुमारे 45 ते 50 अंश सेल्सिअस पुरते. त्याहून फार वर गेल्यास तार मऊ पडून वेटोळी एकमेकांना चिकटतात.