फोर्ट सायबर्ट आणि अपर ट्रॅक्ट : शेजारच्या दोन किल्ल्यांची गल्लत

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या पेंडलटन काउंटीत फोर्ट सायबर्ट आणि अपर ट्रॅक्ट ही दोन लहान खेडी आहेत. त्यांच्या इतिहासाची गल्लत सहज होते, कारण फ्रेंच-इंडियन युद्धाच्या (उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश-फ्रेंच संघर्षाच्या; ‘इंडियन’ म्हणजे तेथील मूलनिवासी) काळात दोन्हीकडे लाकडी किल्ले होते आणि एप्रिल १७५८ मध्ये किलबक या लेनापे सरदाराच्या नेतृत्वाखाली लेनापे व शॉनी या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी ते लागोपाठच्या दोन दिवसांत जाळले : अपर ट्रॅक्टचा २७ तारखेला, फोर्ट सायबर्टचा २८ तारखेला.

येथे ‘किल्ला’ म्हणजे डोंगरमाथ्यावरचे दगडी बुरूज नव्हेत. जमिनीत उभे रोवलेले ओंडके आणि त्या कुंपणाच्या आत ओंडक्यांचेच भक्कम घर, असे त्याचे रूप असे. आपल्याकडच्या गावगढीशी त्याचे नाते अधिक जवळचे वाटते.

नावांचा प्रवास मात्र दोन्हीकडे परस्परविरुद्ध दिशेने झाला. फोर्ट सायबर्ट हा वसाहतकऱ्यांच्या आसऱ्याचा किल्ला. त्याला सायबर्ट कुटुंबाचे नाव मिळाले आणि पुढे किल्ला नाहीसा झाल्यावरही तेच नाव ‘फोर्ट’ या शब्दासह गावाने जपले. अपर ट्रॅक्ट हे मुळात जमिनीच्या एका पट्ट्याचे नाव, आणि तेथील किल्ल्यानेच ते घेतले. हा किल्ला जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या देखरेखीखालील सीमावर्ती किल्ल्यांच्या साखळीतला होता. त्यामुळे आज एका गावाच्या नावातच किल्ला ऐकू येतो, तर दुसऱ्याच्या नावावरून तेथे किल्ला होता याची शंकाही येत नाही.

दोन्ही घटनांच्या आठवणीही सारख्या उरल्या नाहीत, आणि मला हाच फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपर ट्रॅक्टला कॅप्टन जेम्स डनलॅप आणि त्यांच्यासोबतचे लोक मारले गेले. तेथे काय घडले हे सांगायला आतला कोणी उरला नाही. फोर्ट सायबर्टला, परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या हकिगतीनुसार, जीवदानाच्या आश्वासनावर दार उघडले गेले आणि त्यानंतर अनेकांची हत्या झाली. पण काही जणांना कैद करून नेण्यात आले, आणि त्यांतल्या परत आलेल्यांनी ती कहाणी आपल्या मुला-नातवंडांपर्यंत पोहोचवली.