छोट्या प्रकल्पांचे अनौपचारिक नियंत्रण

छोट्या प्रकल्पांचे अनौपचारिक नियंत्रण : कामाच्या ठिकाणी दोन-चार माणसांनी काही दिवसांत किंवा आठवड्यांत उरकायची कामे अधिकृत आराखडा, वेळापत्रक किंवा स्वतंत्र प्रकल्प व्यवस्थापक नसताना ताब्यात ठेवण्याची पद्धत. अर्जाचा नमुना बदलणे, जुन्या फायली स्कॅन करून लावून घेणे, नव्या कर्मचाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका काढणे, विभाग एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवणे ही अशी कामे. ती बहुधा कुणाचीच मुख्य जबाबदारी नसतात, रोजचे काम सांभाळून करायची असतात आणि त्यामुळे सहज रेंगाळतात. अशा कामांसाठी मराठीत ‘भिजत घोंगडे’ हा शब्द तयारच आहे. त्यावरच्या उपायालाही शब्द आहे : पाठपुरावा.

नियोजनाची औपचारिक तंत्रे मोठ्या कामांसाठी घडली. कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपायचे हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा हेन्री गँट यांचा तक्ता १९१० च्या दशकात रूढ झाला. १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ (एकामागून एक करायच्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधण्याची) पद्धत आकाराला आली, तर १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी ‘पर्ट’ हे कामांच्या जाळ्याचे नियोजन करणारे तंत्र तयार झाले. एकमेकांवर अवलंबून असलेली शेकडो-हजारो कामे जिथे असतात तिथे अशा तंत्रांवाचून चालत नाही. चौघांच्या तीन आठवड्यांच्या कामात मात्र कशाच्या आधी काय हवे हे सगळ्यांना तोंडपाठ असते. तिथे तक्ता काढलाच, तर पहिल्या आठवड्यातच तो शिळा होतो आणि दुरुस्त करायला कुणाला सवड नसते. यावरून ‘एवढ्याशा कामाचे लिहायचे काय’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि खरी चूक इथे होते. आराखडा नसला तरी चालते, नोंद मात्र हवीच.

छोट्या प्रकल्पात वेळ खातो तो दोन माणसांमधला थांबा; प्रत्यक्ष कामाला त्यामानाने थोडाच वेळ लागतो. बारा पानांच्या माहितीपुस्तिकेचे उदाहरण घ्या. लिहिणे, मांडणी आणि तपासणी मिळून तीन-चार दिवसांचे काम. पण रजेच्या नियमांचा मजकूर एकाकडे, दूरध्वनी क्रमांकांची यादी दुसऱ्याकडे, मंजुरी तिसऱ्याकडे, आणि पुढचे पाऊल आपण नव्हे, दुसऱ्याने उचलायचे आहे अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत. दोन महिने असेच जातात. म्हणून प्रत्येक कामामागे एक ओळ लिहावी. त्या ओळीत पुढे काय व्हायचे आहे, ते कोणाकडे आहे आणि कधीपासून, एवढे आले की पुरे. वहीतली अशी एक ओळ : ‘रजेचे नियम – मजकूर आस्थापना शाखेकडे – ४ तारखेला मागितला – ९ ला विचारणे’. यातली शेवटची तारीख सर्वांत मोलाची. मागतानाच ‘९ तारखेला येऊन विचारतो’ असे सांगून ठेवले, की नंतरची आठवण तगादा वाटत नाही. याउलट ‘जमेल तेव्हा द्या’ या सौजन्याने जितकी कामे बुडतात तितकी आळसानेही बुडत नसावीत. जबाबदारीपुढे नाव एकाच माणसाचे हवे. दोन नावे लिहिली की दोघेही एकमेकांकडे पाहत राहतात.

काम संपले हे कशावरून ओळखायचे, तेही सुरुवातीलाच एका वाक्यात लिहावे. ‘पुस्तिका तयार करणे’ हे वाक्य निकामी आहे. ‘रुजू होणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी छापील पुस्तिका पडणे’ हे चालते, कारण त्यात छपाई आली, प्रती कुठे ठेवायच्या हे आले आणि त्या द्यायच्या कोणी हेही आले. असे वाक्य समोर असले की ‘आता करतोच आहोत तर हेही घालू’ या मोहालाही आवर बसतो. सुचलेल्या भरींसाठी ‘नंतर’ असे वेगळे पान ठेवावे.

एका वेळी किती कामे हाती घ्यावीत, हा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, कामाची आवक-जावक स्थिर असेल तर हातात असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे काम पुरे होण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळ. महिन्याला दोन कामे हातावेगळी करणाऱ्या गटाकडे चार कामे असतील, तर प्रत्येकाला सरासरी दोन महिने लागतात. दहा असतील तर पाच. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीचे हे गणित म्हणावे. टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी विकसित केलेली कानबान ही चिठ्ठ्यांच्या आधारे काम पुढे सरकवण्याची पद्धत हातातल्या कामांवर मर्यादा घालण्यावरच उभी आहे. कार्यालयांनी तिच्यातला फलक उचलला, ‘करायचे – चालू – झाले’ असे रकाने आखले, रंगीत चिठ्ठ्या लावल्या, पण ‘चालू’ रकान्यात तीनच चिठ्ठ्या मावतील हा निर्बंध अनेकांनी सोडून दिला. मग फलकावर गर्दी वाढते आणि काम पूर्वीसारखेच अडते.

अंदाज चुकतात ते बहुतेकदा एकाच दिशेने : लागणारा वेळ कमी धरला जातो. डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘नियोजनभ्रम’ या अर्थाचे नाव दिले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला होता. सगळेच बिघडले तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. म्हणून ‘किती दिवस लागतील’ असे विचारण्यापेक्षा ‘मागच्या वेळी किती लागले’ असे विचारावे. त्याचे उत्तर जुन्या यादीत असते, तेव्हा पुऱ्या झालेल्या ओळी फाडून टाकू नयेत.

ही पद्धत सगळीकडे पुरत नाही. चार माणसांत संपर्काच्या ६ जोड्या होतात, दहा माणसांत ४५; तोंडी सांगून भागण्याची सोय मध्येच कुठेतरी संपते. बाहेरच्या संस्थेशी करार, मोठा खर्च, सुरक्षितता किंवा कायद्याने ठरलेली मुदत यांचा संबंध आला, तर काम कितीही लहान असले तरी रीतसर आराखडा करावा. यादी एकाच्याच खिशात असणे हाही धोका आहे; तो माणूस रजेवर गेला की सगळेच अडते. ती इतरांना दिसेल अशा जागी ठेवून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून वाचावी.

वाचताना एखादी ओळ तीन-चार आठवडे जशीच्या तशी दिसली, तर ते काम खरोखर हवे आहे का, हे तिथेच विचारावे. नको असेल तर ओळ गुपचूप खोडू नये. तिच्यापुढे ‘थांबवले’ असे लिहून तारीख घालावी, आणि ज्यांनी त्यासाठी आधी मजकूर किंवा वेळ दिला होता त्यांना त्याच दिवशी तसे कळवावे.