डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ कुणी दिलंच नव्हतं

मुंबईच्या डबेवाल्यांना ‘फोर्ब्स’ या अमेरिकन मासिकाने ‘सिक्स सिग्मा’ (कामात जवळजवळ चूकच होत नाही, असं सांगणारं गुणवत्तेचं मानक) प्रमाणपत्र दिलं, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं काही घडलेलं नाही. १९९८ साली ‘फोर्ब्स’मध्ये त्यांच्यावर लेख आला, एवढंच खरं. ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द आपण वापरलाच नव्हता, हे लेखकानेच नंतर सांगितलं.

मला वाईट याचं वाटतं की या बिरुदाखाली खरं कसब झाकलं जातं. झाकणावर रंगाने काढलेली मोजकी अक्षरं-आकडे: स्टेशन, इमारत, मजला. तेवढ्यावर मावळ, खेड, जुन्नरकडची ही माणसं स्टेशनाबाहेर फुटपाथवर भराभर डबे वेगळे लावतात, डोक्यावर लांबलचक लाकडी पाटी घेऊन लोकल गाठतात आणि दुपारी तोच रिकामा डबा त्याच घरी परत आणून देतात.