नोकरी सांभाळून सॉफ्टवेअर सुरक्षेवर पीएच.डी.: इंदूरच्या अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि परवानग्या

सुपर कॉरिडॉरवर किंवा खंडवा रोडच्या आयटी पार्कात आठ-दहा वर्षं काम केलेली आपली बरीच मराठी मुलं-मुली अलीकडे विचारतात, ‘आता संशोधन करता येईल का?’ येतं. आणि विषय सॉफ्टवेअर सुरक्षेचा असेल तर नोकरीतला अनुभव हेच मोठं भांडवल आहे. अनेक जणांनी मिळून एकच कोड लिहिताना चूक कुठे शिरते, कुणावर विश्वास ठेवला जातो, तपासणी कशी होते, हे तुम्ही रोज पाहता. अडचण येते ती कागदांची, म्हणून ही माहिती.

देवी अहिल्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे ७ नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी. नियम लागू आहेत. सिमरोलच्या आयआयटीचे नियम स्वतंत्र असतात, तिथे गेट या अभियांत्रिकी पात्रता परीक्षेचा स्कोअर विचारात घेतला जातो आणि तो तीन वर्षं चालतो. खालची माहिती मुख्यतः विद्यापीठासाठी आहे.

पात्रता सोपी आहे. पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के. किंवा चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पदवी ७५ टक्क्यांनी झालेली असेल तर एम.टेक. नसलं तरी चालतं. हे दुसरं कलम बी.ई. करून थेट नोकरीला लागलेल्या अनेकांना माहीतच नसतं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सूट आहे.

पुढची पायरी नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची. विषय ‘कॉम्प्युटर सायन्स अँड अॅप्लिकेशन्स’, कोड ८७. पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० चा, मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दुसऱ्या पेपरच्या दहा घटकांपैकी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा एक पूर्ण घटक आहे. जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (म्हणजे संशोधनासाठीच्या मासिक शिष्यवृत्तीसह), सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. दोन्हींसाठी, आणि फक्त पीएच.डी.साठी. जेआरएफ मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकीच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष धरले जातात. जेआरएफला साधारणपणे वयाची अट ३० वर्षांची आहे, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, नॉन-क्रीमी लेअर ओबीसींना आणि दिव्यांगांना ५ वर्षांची सूट मिळते. १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० मिळतात, पण ते पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याला. अहिल्या विद्यापीठाची स्वतःची डीईटी ही पीएच.डी. प्रवेश परीक्षाही आहे. त्या वर्षी प्रवेश कशावर होणार, ते त्याच वर्षीच्या जाहिरातीत बघा, मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

नोकरी चालू ठेवायची असेल तर अर्धवेळ पीएच.डी.ला मुभा आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मात्र नाही, तसं आमिष कुणी दाखवलं तर पैसे भरू नका. अर्धवेळसाठी कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि बहुतेकांचा अर्ज इथेच अडतो. माझंही पहिलं पत्र परत आलं होतं. एचआरने ‘आमची हरकत नाही’ एवढी एकच ओळ लिहून दिली होती. नियमात तीन गोष्टी मागितल्या आहेत: अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळं केलं जाईल. तिन्ही वाक्यं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवीत. मजकूर स्वतः टाइप करून एचआरला द्या, म्हणजे खेपा वाचतात.

कागदपत्रांत दहावीची अंकसूची, सगळ्या सेमिस्टरच्या अंकसूच्या, पदवी, नेटचं प्रमाणपत्र, आधार हे आलंच. आपल्या लोकांची खरी पंचाईत दोन ठिकाणी होते. पुण्या-नागपुरात इंजिनिअरिंग केलेल्यांच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं, आणि इंदुरात काढलेल्या आधारवर वडिलांचं नाव बहुधा नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंचा तर प्रत्येक कागद वेगळा. ‘ही एकच व्यक्ती’ असं शपथपत्र आणि विवाह प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. बाहेरच्या विद्यापीठातून आलात तर मायग्रेशन प्रमाणपत्र आणि सीजीपीएचे टक्के करून दिलेलं पत्रही लागेल. दुसरं, जातीचा दाखला. राज्याच्या विद्यापीठात आरक्षण हवं असेल तर मध्य प्रदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. आजोबांचा महाराष्ट्रातला दाखला पुरत नाही.

आता संशोधन प्रस्ताव. मुलाखतीत तुमचं वजन यावरच ठरतं. ‘सुरक्षित सॉफ्टवेअरचा अभ्यास’ असा मोघम विषय नको. मार्च २०२४ मध्ये उघड झालेलं एक्सझेड युटिल्स या फाइलचा आकार कमी करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं प्रकरण घ्या. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ प्रामाणिक मदतनिसासारखं काम केलं, एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने शोधलं म्हणून ते पकडलं गेलं. यातून नेमका प्रश्न निघतो: अशा प्रकल्पात नव्या माणसाला कोड घालण्याचा अधिकार किती दिवसांनी आणि कशाच्या आधारे मिळतो? असा प्रश्न मोजता येतो, तपासता येतो.

इथेच परवानगीचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते अर्जातला सर्वांत महत्त्वाचा कागद तोच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) स्वयंसेवकांना न सांगता मुद्दाम सदोष बदल पाठवून त्यांची परीक्षा घेतली. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलच्या सांभाळकर्त्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणंच थांबवलं, आणि शोधनिबंधही मागे घ्यावा लागला. कोडच्या मागे माणसं असतात. त्यांच्यावर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी आधी घ्या. दुसऱ्याच्या यंत्रणेत मालकाच्या परवानगीविना शिरून त्रुटी शोधणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संशोधनासाठी केलं म्हणून आपोआप सुटका होईल असं धरू नका. त्रुटी सापडलीच तर ती सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येते, २०२१ पासून ही संस्था त्रुटींना सीव्हीई (जगभर वापरला जाणारा ओळख) क्रमांकही देते. कोडच्या इतिहासात लोकांची नावं आणि ईमेल असतात, त्यामुळे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या संशोधनासाठीच्या सवलतीच्या अटी वाचून, ती माहिती कशी झाकणार हे प्रस्तावातच लिहा.

मार्गदर्शकाशी अर्जाआधीच बोलून घ्या. नियमाने प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायकाकडे ४ विद्यार्थीच असू शकतात, त्यामुळे आवडीच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जागा आहे का, हे आधी कळलेलं बरं.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, दर सेमिस्टरला सल्लागार समितीसमोर सादरीकरण. किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि दोन वर्षांची मुदतवाढ. महिलांना आणखी दोन वर्षं मिळतात, शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

शेवटी प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, कुणालाही वाचता येतो. म्हणून कंपनीतले कोड-तपासणीचे रेकॉर्ड वापरणार असाल तर ना हरकत प्रमाणपत्रावर भागवू नका. त्यासाठी वेगळं पत्र घ्या आणि त्यात ‘प्रकाशनासाठी’ हा शब्द आहे ना, ते सही होण्याआधी बघा.