इंडिया गेटवरील नावे कोणाची?

दिल्लीच्या इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेली आहेत, असे विदर्भातल्या खेड्यापाड्यांत झेंडावंदनाच्या भाषणांतून आजही सांगितले जाते. ते खरे नाही. 1931 मध्ये उभे राहिलेले हे स्मारक पहिल्या महायुद्धात आणि 1919 च्या अफगाण युद्धात ब्रिटिश-भारतीय सैन्यातून लढताना मरण पावलेल्यांचे असून, त्यावरील 13 हजारांहून अधिक नावांत इंग्रज अधिकारीही आहेत. परक्या सत्तेसाठी लढलेल्यांना मान कशाला, असे काही जण विचारतात. पण पोटासाठी भरती झालेल्या शेतकऱ्याच्या पोराचे मरण त्यामुळे हलके ठरत नाही, असे मला मनापासून वाटते. स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या जवानांची नावे 2019 मध्ये खुल्या झालेल्या, शेजारच्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर हुद्द्यासह कोरलेली आहेत.