बेस ऐकू येत नाही? आधी खुर्ची सरकवा
घरी डान्स म्युझिक करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सामान फार लागत नाही. 16 जीबी रॅमचा लॅपटॉप (8 वरही सुरुवात होते, पण सिंथ, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वाद्यं, वाढली की अडखळतो), दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला आवाज आत-बाहेर नेणारी पेटी), सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवायला 25 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, 5 इंची मॉनिटरची (स्टुडिओच्या स्पीकरची) जोडी आणि एक बरा हेडफोन. गायचं नसेल तर माइकवर पैसे घालू नका.

खोली

मॉनिटरला बेस नाही, ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा खोलीचा निघतो. 10 बाय 10च्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो, आणि हाउस-टेक्नोची किक (ठेक्याचा जाड ढोल) बऱ्याचदा तिथेच बसते. 56 हर्ट्झचा साधा सूर हळू आवाजात लावा आणि खोलीत फिरून बघा: भिंतीला टेकलात की दणदणेल, मधोमध आलात की गडप होईल. खुर्ची मधोमध असेल, तर बेस कमी वाटतो म्हणून तुम्ही तो वाढवता आणि मित्राच्या गाडीत गाणं नुसतं घुमतं.

म्हणून कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर ठेवा. डावी-उजवी भिंत सारख्याच अंतरावर हवी. दोन मॉनिटर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हावा. अंड्यांचे ट्रे लावून बेस सुधारत नाही. या लाटेची लांबीच 20 फूट. भिंतीला उभी केलेली कापसाची गादी टाळी आणि हाय-हॅटचा प्रतिध्वनी मारते, तेवढंही पुष्कळ. सबवूफर आम्ही विकतो, तरी सांगतो: हे सगळं करून झाल्याशिवाय घेऊ नका.

किक आणि बेस

दोन्ही एकदम वाजले की एकमेकांना खातात. बेसच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावा, त्याच्या साइडचेनला किक द्या, म्हणजे किक वाजली की बेस दबेल. रेशो (किती दाबायचं) 4:1, अटॅक (किती लवकर दाबायचं) 1 मिलिसेकंदाच्या आसपास. 125 बीपीएमला (मिनिटाला 125 ठोके) दोन किकमध्ये 480 मिलिसेकंद असतात. ऑफबीटचा, म्हणजे दोन किकच्या मधला, बेस 240 वर येतो, म्हणून रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) 120-150 वर ठेवा. जास्त ठेवलात तर तो बेस दबलेलाच राहतो. मास्टरचं (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनेलचं) शिखर उणे 6 डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

टकटक आणि गुंगुं

मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाजात टकटक येते. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल हाताळतो) पट्ट्या वाजवताना 128, मिक्स करताना 512 किंवा 1024 ठेवा. लॅपटॉप गादीवर नको, खालून हवा लागू द्या. कूलरचा झोत मात्र थेट सामानावर घेऊ नका, ओल आत जाते.

50 हर्ट्झची गुंगुं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर लॅपटॉप, इंटरफेस आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या (कूलर वेगळ्या सॉकेटवर) आणि मॉनिटरला बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुंगुं रोखणारी तीन जोडण्यांची केबल) वापरा. अर्थिंगची पिन कापून गुंगुं घालवणं जिवावर बेतू शकतं. तरीही गेली नाही, तर दुकानात येताना चार्जर आणि केबल दोन्ही सोबत आणा.