दुबईत शाळाप्रवेश: फॉर्म भरण्याआधी भारतातल्या शाळेचा दाखला बघा

दुबईत नोकरी लागली, घर ठरलं, शाळेत जागा असल्याचंही कळलं आणि तरी मूल महिना-दोन महिने घरी बसून आहे, असं चित्र दर उन्हाळ्यात दिसतं. पालक शाळेला दोष देतात, शाळा नियमाकडे बोट दाखवते. नव्याने आलेल्या कुटुंबांची कागदपत्रं पाहताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट एवढीच की अडचण बहुतेक वेळा दुबईत सुरू झालेली नसते. ती पुण्यात, सांगलीत किंवा नाशकात, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला त्याच दिवशी सुरू झालेली असते. म्हणून हा लेख विमानाचं तिकीट काढण्याआधी वाचा.

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी प्राधिकरणाची देखरेख असते. शाळेने चाचणी घेतली, पैसे भरून घेतले, गणवेशाचं दुकानही सांगितलं, तरी केएचडीएच्या यंत्रणेत मुलाची नोंद होऊन पालक-शाळा करारावर सही होईपर्यंत प्रवेश पक्का नसतो. शाळेच्या कचेरीतली व्यक्ती कितीही मदत करणारी असली, तरी कमी असलेला कागद ती माफ करू शकत नाही. तिच्याशी भांडण्यात दिवस घालवू नका.

आधी ठरवा: परत कधी जाणार?

शाळा निवडताना लोक इमारत, बस आणि फी बघतात. त्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. परत कधी जाणार? आणि तेव्हा मूल कितवीत असेल?

दोन-तीन वर्षांत परतायचं असेल, तर सीबीएसईची भारतीय शाळा सोयीची. फी तुलनेने कमी असते आणि परतल्यावर तोच अभ्यासक्रम भारतात पुढे चालू राहतो. मुक्काम लांबणार असेल किंवा पुढचं शिक्षण परदेशातच होणार असेल, तर ब्रिटिश किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा विचार करा. एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. अरबी मातृभाषा नसलेल्या मुलांनाही खासगी शाळांत नववीपर्यंत अरबी शिकावी लागते. मराठी बहुतेक शाळांत मिळत नाही, आणि महाराष्ट्रात मात्र २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत ती सक्तीची आहे. सहावी-सातवीत परत येणाऱ्या मुलाला देवनागरी वाचता येईल एवढी काळजी घरीच घ्यावी लागते.

केएचडीएच्या तपासणीनुसार शाळांना ‘उत्कृष्ट’पासून ‘अतिशय कमकुवत’पर्यंत सहा श्रेणी असतात. पण २०२४-२५ पासून सरसकट पूर्ण तपासण्या थांबवलेल्या असल्यामुळे फलकावरची श्रेणी काही वर्षं जुनी असू शकते. श्रेणीच्या शेजारी तपासणीचं वर्ष लिहिलेलं असतं, ते बघा आणि जुना अहवाल निदान तुमच्या मुलाच्या वर्गापुरता तरी वाचा.

नववी ते बारावीतलं मूल घेऊन येणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, की घाई करू नका. सीबीएसईमध्ये नववी-दहावी हा एक जोड अभ्यासक्रम धरला जातो आणि अकरावी-बारावी दुसरा. राज्य मंडळाची नववी झालेल्या मुलाला थेट सीबीएसईच्या दहावीत सहसा घेतलं जात नाही. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून आलेली कुटुंबं इथेच अडकतात. मग एक तर मूल नववी पुन्हा करतं, नाहीतर आई मुलाला घेऊन परत जाते. शिवाय महाराष्ट्रातून राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायचं असेल, तर काही ठरावीक अपवाद वगळता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असावी लागते. हे दहावीच्या निकालानंतर कळून उपयोग नाही.

वय: दोन तारखांचा घोळ

पहिलीत जाणाऱ्या मुलांचे अर्ज सर्वांत जास्त इथे गडबडतात. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं. दुबईत एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या भारतीय शाळांत ३१ मार्च ही तारीख धरतात. म्हणजे १५ ऑक्टोबर २०२० ला जन्मलेलं मूल जून २०२६ मध्ये महाराष्ट्रात पहिलीत बसतं, पण एप्रिल २०२६ ला दुबईच्या भारतीय शाळेत ते साडेपाच वर्षांचंच असल्याने केजी-२ मध्ये जातं. पालकांना वाटतं, मुलाचं वर्ष बुडालं. तसं नसतं, तिथल्या वर्गातली सगळी मुलं त्याच वयाची असतात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या शाळांसाठी आधी ३१ ऑगस्ट ही तारीख होती. २०२६-२७ पासून ती ३१ डिसेंबर झाली आहे. ही बातमी वाचून अनेकजण भारतीय शाळेतही डिसेंबरची तारीख लागू झाली असं समजले. तसं झालेलं नाही. एप्रिलवाल्या शाळांची तारीख जिथे होती तिथेच आहे.

ब्रिटिश शाळेत वर्गाचा आकडा एकाने पुढे असतो. आपली तिसरी म्हणजे त्यांचं चौथं वर्ष. फॉर्ममध्ये ‘चौथी’ समजून चौथं वर्ष लिहिलं, तर झालेलीच इयत्ता पुन्हा मागितल्यासारखं होतं.

दाखला: सगळं घोडं इथेच अडतं

केजी आणि पहिलीसाठी दाखला लागत नाही. दुसरी किंवा त्यापुढच्या इयत्तेत, म्हणजे ब्रिटिश शाळेच्या तिसऱ्या वर्षापासून पुढे, तो लागतोच. बोनाफाईड चालत नाही. प्रगतिपुस्तक सोबत लागतं, पण दाखल्याऐवजी चालत नाही.

आता हातातला दाखला एकदा नीट बघू. आपल्याकडच्या अनेक शाळांचा छापील दाखला मराठीत असतो. त्यावर नाव आडनावापासून सुरू होतं, मग मुलाचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. तिकडे बसलेल्या माणसाला ही एकाच मुलाची दोन नावं आहेत हे कळायला मार्ग नाही. त्यात स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ कमी-जास्त झाला, की अर्ज परत. दाखल्याच्या तळाशी मुख्याध्यापकांची सही असते, पण सहीखाली नाव नसतं. शिक्का अर्धा उमटलेला असतो. आणि ‘शेरा’ या रकान्यात बहुधा ‘वर्तणूक चांगली’ एवढंच लिहिलेलं असतं. दुबईच्या शाळेला हवं असतं ते दुसरंच: मूल कोणत्या इयत्तेत शिकत होतं, ती उत्तीर्ण झालं का, आणि पुढच्या कोणत्या इयत्तेत जायला पात्र आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना आधीच भेटा. पासपोर्टची प्रत सोबत न्या आणि शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत दाखला मागा. त्यात पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, पूर्ण केलेली इयत्ता आणि पुढील इयत्तेसाठी पात्र असल्याचं स्पष्ट वाक्य असावं. नावात किंवा जन्मतारखेत चूक असेल, तर मूल त्या शाळेच्या पटावर असतानाच दुरुस्त करून घ्या. एकदा दाखला निघाला, की जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं फार जिकिरीचं होतं. दुबईत बसून तर ते जवळपास अशक्यच, मग गावाकडचे आजोबा शाळेच्या पायऱ्या झिजवत राहतात.

मूळ दाखला दुबईची शाळा ठेवून घेते. त्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे सगळ्या शिक्क्यांसह रंगीत स्कॅन करून ठेवा.

शिक्क्यांची साखळी

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांतून येणाऱ्या मुलांना दाखल्यावर पुढचे शिक्के लागत नाहीत. भारतातून येणाऱ्यांना लागतात. क्रम असा: दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, मुंबईत शिक्षण निरीक्षकांची, प्रतिस्वाक्षरी, मग राज्य शासनाचं साक्षांकन, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, त्यानंतर यूएईच्या दूतावासाचं किंवा वाणिज्य दूतावासाचं. शेवटी दुबईत पोचल्यावर यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्याचे १५० दिरहम. हा क्रम मोडता येत नाही. खालचा शिक्का नसेल, तर वरचा मिळत नाही.

सर्वांत मोठी फसगत अपोस्टिलची होते. अपोस्टिल म्हणजे हेग करारातल्या देशांत दूतावासाच्या साक्षांकनाशिवाय चालणारा शिक्का; अटेस्टेशन म्हणजे वर सांगितलेलं साक्षांकन. एजंट विचारतो, ‘अपोस्टिल करायचं की अटेस्टेशन?’ अपोस्टिल स्वस्त आणि झटपट असतं, म्हणून पालक तेच सांगतात. मस्कतच्या चुलतभावाचं काम अपोस्टिलवर झालेलं असतं आणि ते खरंही असतं, कारण ओमान त्या हेग करारात आहे. यूएई नाही. त्यामुळे अपोस्टिल केलेला दाखला दुबईत चालत नाही, तो भारतात परत पाठवून दूतावासाचं साक्षांकन करावं लागतं. एजंटला कागद देताना पावतीवर ‘यूएई दूतावास साक्षांकन’ असे शब्द लिहून घ्या.

शिक्षणाधिकारी कार्यालयात प्रतिस्वाक्षरीसाठी जाताना साहेब दौऱ्यावर, नमुना स्वाक्षरी उपलब्ध नाही, शाळेचं पत्र सोबत नाही, अशी कारणं ऐकावी लागतात. एका सहीसाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालणाऱ्या पालकांचा दिवसाचा रोज बुडतो, याचा विचार कोणी तरी करायला हवा. सध्या एवढंच हातात आहे की मुख्याध्यापकांचं विनंतीपत्र, पासपोर्टची प्रत आणि दाखल्याच्या दोन झेरॉक्स पहिल्याच फेरीत न्याव्यात.

याच वेळी जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखलाही साक्षांकनाला द्या, कारण कुटुंबाच्या व्हिसासाठी ते लागतात, आणि व्हिसा नाही तर एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, नाही. जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना रिकामा नाही ना, हे आधी बघा. रुग्णालयाने नोंद करताना बाळाचं बारसं झालेलं नसतं आणि नंतर नाव घालायला कोणी जात नाही, म्हणून असे दाखले आपल्याकडे पुष्कळ आहेत. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करून नाव घालून घ्या आणि नवीन दाखला मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला मागा. आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असेल, तर तेही आत्ताच निस्तरा.

निकाल मेमध्ये, शाळा एप्रिलमध्ये

महाराष्ट्रात वार्षिक निकाल साधारण १ मेच्या सुमारास लागतो. दुबईच्या भारतीय शाळांचं नवं वर्ष तेव्हा सुरू होऊन महिना होत आलेला असतो. निकालानंतर दाखला, मग साक्षांकनाला काही आठवडे, म्हणजे जून उजाडतो. जुलैपासून तिथे उन्हाळी सुट्टी. मूल घरी बसतं ते या हिशेबामुळे.

यावर दोन वाटा आहेत. एक, फेब्रुवारीतच दुबईच्या शाळेला ईमेल करून तात्पुरता प्रवेश मिळेल का ते विचारा. काही शाळा प्रगतिपुस्तक आणि ‘अमुक तारखेपर्यंत साक्षांकित दाखला देतो’ असं हमीपत्र घेऊन मुलाला वर्गात बसू देतात. उत्तर लेखीच घ्या, फोनवरचं ‘हो’ धरून चालू नका. दुसरी वाट, ऑगस्टमध्ये सुरू होणारी शाळा निवडा. तिच्यासाठी मे ते जुलै हे तीन महिने कागदांना पुरतात.

बाकीचे कागद सोपे आहेत: मुलाचा आणि पालकांचा पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी, लसीकरणाचं कार्ड, फोटो, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं. लसीकरणाच्या पिवळ्या कार्डावरची शाई पुसट झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून सही-शिक्क्यासह इंग्रजीत नवीन करून आणा. मुलाला शिकण्यात वेगळी मदत लागत असेल, तर त्याचे अहवालही जोडा, लपवू नका. विशेष गरजा आहेत एवढ्याच कारणावरून शाळेने प्रवेश नाकारणं दुबईच्या नियमांत बसत नाही, आणि आधी सांगितलं तर मदतीची व्यवस्था पहिल्या दिवसापासून होते.

पैशांबाबत एक नियम माहीत असू द्या. नवीन प्रवेशासाठी शाळा वार्षिक फीच्या १० टक्क्यांपर्यंत नोंदणी रक्कम घेऊ शकते आणि ती पुढे फीमधून वजा व्हायला हवी. मूल शाळेत जायला लागल्यावर काढून घेतलं, तर दोन आठवड्यांपर्यंत एक महिन्याची फी जाते, दोन आठवडे ते एक महिना झाला असेल तर दोन महिन्यांची, आणि त्यापुढे संपूर्ण सत्राची. म्हणून दुसऱ्या, जास्त आवडलेल्या शाळेच्या प्रतीक्षा यादीत नाव असेल, तर पहिल्या शाळेची पूर्ण सत्राची फी भरण्याआधी त्या यादीत तुमचा क्रमांक कितवा आहे ते विचारून घ्या.